बॅटरी नवीन, तरी सेल्फ मरतो. हँडल डावीकडे वळवलं की सगळंच बंद

पाथर्डीफाटा१५०

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, २०१३ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, सेल्फ-किक दोन्ही. बॅटरी १२ व्होल्ट ९ एएच, मेंटेनन्स फ्री. इंजिनाची काही तक्रार नाही, ॲव्हरेज अजून चांगलं देते, त्यामुळे विकायचा विषय नाही. "जुनी झाली, काढून टाक" असं लिहायला येणाऱ्यांना आधीच रामराम.

त्रास असा. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. किक मारली की चालू होते. बॅटरीवाल्याने "सेल गेलाय" म्हणून वॉरंटीत बॅटरी बदलून दिली. नवी बॅटरी थोडे दिवस झकास चालली, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो बॅटरीत काही नाही, गाडीच करंट खातेय. मिस्त्रीकडे नेली तर त्याने चालू गाडीवर बॅटरीची वायर काढून बघितली. गाडी चालू राहिली, तर म्हणाला चार्जिंग ओके आहे, वायरिंगचं अख्खं किट बदलू, चार हजार लागतील. मी म्हटलं थांब जरा.

दुसरा प्रकार जास्त डेंजर आहे. मधूनमधून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिन, हेडलाइट, मीटरचे दिवे, हॉर्न, सगळं एकदम बंद. हँडल सरळ केलं की परत येतं. आतापर्यंत पार्किंगमध्ये गाडी काढताना व्हायचं, म्हणून हसण्यावारी नेलं. पण परवा वाडीवऱ्ह्याच्या पुढे, पावसात, रात्री, मागे ट्रेलर लागलेला, खड्ड्यात चाक गेलं आणि क्षणभर सगळा अंधार. पुढचं सांगत नाही, आई हे वाचत नाही ते बरंय.

बाकी माहिती: रोजचं जाणं-येणं पाथर्डी फाटा ते अंबड एमआयडीसी, म्हणजे अगदीच जवळ. सेकंड शिफ्ट असते, परत येताना रात्र. सुट्टीला घोटीच्या पुढे गावी जातो. पावसाळ्यात तिकडे धुकं इतकं असतं की रस्त्याचा पट्टा दिसत नाही, म्हणून दोन एलईडी फॉग लाइट बसवलेत, २०-२० वॅटचे. हँडलला मोबाइल चार्जर आहे, तो डायरेक्ट बॅटरीवरून. हे दोन्ही बॅटरीचा त्रास सुरू व्हायच्या आधीपासून आहेत.

मीटर विकत घ्यायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

कॉलेजरोडकर

आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, बॅटरीला चार्जिंग देणारा डबा) गेलंय, डोळे झाकून बदल. माझ्या गाडीला सेम प्रॉब्लेम होता.

वायरिंगवाला_नारो

डोळे झाकून बदलायचं असतं तर आमची दुकानं कशाला चालली असती.

पाथर्डीवाले दादा, तुमच्या गाडीला दोन दुखणी आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिताय. बॅटरी उतरणं वेगळं, हँडल वळवल्यावर मरणं वेगळं. एकाचा शोध घेताना दुसऱ्याचा विचार करायचा नाही.

आणि तो मिस्त्री. चालू गाडीवर बॅटरीची वायर काढायची ही पद्धत राजदूत-येझदीच्या सहा व्होल्टच्या काळातली. तेव्हा आत इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच, जळणार काय? आजच्या गाडीत बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा), आरआर, डिजिटल मीटर, काहीही उडू शकतं. शिवाय गाडी चालू राहिली याचा अर्थ इंजिनापुरता करंट बनतोय, एवढाच. बॅटरीपर्यंत किती पोचतोय हे त्याने कळत नाही. परत कुणाला करू देऊ नका.

मी नाशिकरोडला बिटकोजवळ वायरिंगचंच काम करत आलो. आता हात थरथरतो म्हणून बारीक काम मुलगा करतो, मी स्टुलावर बसून चुका काढतो. तर ऐका.

आधी हँडलचं, कारण जीव त्यात आहे. इंजिन, हेडलाइट, हॉर्न, मीटर सगळं एका क्षणी जातं म्हणजे फॉल्ट जिथून सगळ्यांना करंट जातो तिथे आहे: मेन फ्यूज, चावीचा स्विच, किंवा त्या दोघांमधली वायर. इंजिन एकटं मेलं असतं आणि दिवे राहिले असते तर मी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच बघायला सांगितला असता. हँडल वळवल्यावरच होतं, तर फ्यूज शेवटी बघा. फ्यूज काही वळत नाही. चेसिसच्या मानेपाशी, टाकीच्या पुढे, जिथे वायरिंगचा जुडगा फ्रेममधून हेडलाइटच्या डोममध्ये शिरतो, ती जागा धरा. दहा वर्षं ती वायर रोज डावी-उजवीकडे मुडपते. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं.

हे मल्टिमीटरने शोधायला जाऊ नका, फसाल. वायरचा एक केस जरी जोडलेला असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक टोक बॅटरीच्या मायनसला पक्कं, दुसरं टोक डोममध्ये चावीच्या कपलरवर (वायरी जोडायचं प्लास्टिकचं सॉकेट). तो बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, खरी वायर आहे की नाही ते लगेच कळतं. आधी चावीतून बाहेर येणाऱ्या वायरवर लावा, चावी ऑन, हँडल हळू डावीकडे. बल्ब गेला? मग चावीत येणाऱ्या वायरवर लावा, जिच्यात चावी बंद असतानाही करंट असतो. तिच्यावरही गेला तर वायर मानेत तुटलीय. तिच्यावर राहिला आणि पहिल्यावर गेला तर चावीचा स्विच.

तुटलेली जागा बोटांना कळते. जुडग्यावरची टेप सोडा, ती एक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून थोडी थोडी ताणत पुढे सरका. शाबूत वायर ताठ राहते. तांबं तुटलंय तिथे वायर रबरासारखी लांब होते आणि कव्हर बारीक होतं. किट बदलायची गरज नाही, वीतभर वायर लागेल.

हे होईपर्यंत हायवेला गाडी नेऊ नका. घोटीला एसटीने जा.

बॅटरीचं उद्या लिहितो, आत्ता जेवायला बोलावलंय.

पॅनलवाला_सातपूर

काकांचा बल्बचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्याकडे पॅनलमध्येही हेच होतं, नो-लोडला सगळं सुंदर दिसतं.

काका येईपर्यंत बॅटरीचं मी सुरू करतो. दादा, साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत येतो, एवढ्या कामाला पुरतो. फक्त व्होल्ट मोजताना लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना हे दरवेळी बघा. १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला लावलीत तर तो सरळ शॉर्ट होतो.

ही मापं घेऊन इथे टाका:

रात्रभर उभी गाडी, सकाळी चावी न लावता बॅटरीवर किती. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी.

सेल्फ दाबताना किती खाली जातं. भरलेली बॅटरी असून साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलीय. आकडा चांगला राहतो आणि तरी टक-टक, तर सेल्फचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा जाड केबलचे जोड.

गाडी चालू, ४००० आरपीएमला, हेडलाइट बंद आणि चालू असं दोनदा. १३.८ ते १४.५ मध्ये हवं. १५ च्या वर गेलं तर आरआर ओव्हरचार्ज करतोय.

आता महत्त्वाचं. त्याच आरपीएमला मीटरची लाल वायर आरआरच्या प्लस पिनच्या मागून टोचा, काळी बॅटरीच्या प्लसला. म्हणजे प्लसकडून प्लसकडे. आदर्श आकडा शून्य, ०.२-०.३ पर्यंत चालेल. मग तसंच मायनसकडून मायनसकडे. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत गळतंय.

आणि चावी बंद करून, बॅटरीची मायनस वायर काढून, तिच्या आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर. हे करताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जागेवर उडेल.

वायरिंगवाला_नारो

पॅनलवाल्यांनी माझं काम हलकं केलं. एकच भर घालतो. बॅटरी सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लस ढिला करताना पाना चेसिसला लागला की ठिणग्या उडतात आणि पान्याला कायमची खूण राहते. माझ्या दहा नंबरच्या पान्याला आहे, पोरांना दाखवायला जपून ठेवलाय.

आधी बुलेटच्या हेडलाइटवर अँपिअर मीटर असायचा. काटा मायनसकडे कलला की गिऱ्हाईक स्वतःच दुकानात यायचं. आता गाडीत ब्लूटूथ आलं, पण चार्जिंग होतंय की नाही हे सांगणारा काटा गेला.

निफाडकर_द्राक्षवाला

मध्येच बोलतो, माफ करा. उंदीर बघितले का? आमची गाडी कांद्याच्या चाळीत लावत होतो, सीटखालच्या वायरिंगला उंदरांनी पार सोललं होतं. फ्यूज उडायचा, नवा टाकला की परत उडायचा. शेजारच्याने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली, गाडी चालली, आणि संध्याकाळी सीटखालून धूर. सीट उचलून माती टाकली म्हणून वाचली.

दुसरं, आता गाडी औषधांच्या खोलीत लावतो, तिथे गंधक आणि मोरचूद ठेवलेलं असतं. टर्मिनल वर्षात काळंठिक्कर पडतं. हे आमच्याकडेच होतं का सगळीकडे?

वायरिंगवाला_नारो

गंधकाच्या शेजारी तांबं काळं पडणारच. मोरचूद ओलं झालं तर लोखंडाचीही वाट लावतं. गाडी बाहेर काढा, नाहीतर औषधं हलवा. टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात द्या. आवळल्यावर वरून, मध्ये नाही.

आणि चांदीवाल्या शेजाऱ्याला सांगा, फ्यूज उडतो तो तुमच्या भल्यासाठी.

पाथर्डीफाटा१५०

मंडळी, सुट्टीच्या दिवशी गच्चीखाली सतरंजी टाकून बसलो होतो. बायकोला वाटलं कामाला कंटाळून गॅरेज काढतोय.

आधी हँडलचं. काका, तुमच्या पाया पडतो. डोम उघडला, २१ वॅटचा बल्ब लावला. चावीतून बाहेर येणाऱ्या वायरवर हँडल डावीकडे नेलं तर बल्ब आधी पिवळा पडला, मग विझला. चावीत येणाऱ्या लाल वायरवरही तसंच. म्हणजे मानेत. टेप सोडली, वरची टेप इतकी चिकट झालेली की बोटं काळी. लाल वायर ताणत गेलो आणि स्टिअरिंगच्या कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) बरोबर बाजूला ती लांब झाली. तिथे कव्हर कापलं. आत तांब्याचे केस हिरवे-काळे, जवळजवळ सगळे तुटलेले, दोन-तीन कसेबसे टेकलेले. एवढ्यावर मी अख्खी गाडी चालवत होतो.

गंमत म्हणजे तिथे मीटर लावून बघितला. हँडल सरळ असताना १२.१ दाखवत होता, बॅटरीवर होतं तेवढंच.

अजून जोडलेली नाही, आधी विचारतो. सोल्डर करू का क्रिंप (पकडीने चेपलेला जोड)?

आता बॅटरीचे आकडे. सकाळी १२.१. सेल्फ दाबल्यावर ९.३. ४००० ला हेडलाइट बंद असताना १३.१, हेडलाइट चालू १२.६, फॉगही लावले तर १२.२. आरआरच्या पिनांवर मात्र त्याच वेळी, हेडलाइट बंद असताना, १४.३. प्लसकडून प्लस १.१, मायनसकडून मायनस ०.१. चावी बंद करून १८ मिलीअँपिअर. चार्जर काढला तर १ च्या आत.

आरआरच्या पिना टोचताना कपलर हाताला चांगलाच गरम लागला, हे आधी कधी कळलं नव्हतं.

पॅनलवाला_सातपूर

उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. आरआर १४.३ बनवतोय, बॅटरीला १३.१ मिळतंय, मधले १.१ प्लसच्या वाटेत जळतायत. चार अँपिअर धरले तरी चार-साडेचार वॅट एका पिनेत. लहान सोल्डरिंग आयर्न पंधरा-वीस वॅटचं असतं, त्यावरून अंदाज करा. म्हणून कपलर गरम.

क्रिंप करा. बाइक सतत थरथरते. सोल्डर वायरमध्ये जिथपर्यंत शोषला जातो तिथपर्यंत ती कडक होते आणि कडक-मऊ जिथे भेटतात तिथेच पुढे तुटते. चांगला बट कनेक्टर (दोन टोकं जोडणारी धातूची नळी), योग्य पक्कड, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

वायरिंगवाला_नारो

क्रिंपचं तत्त्व बरोबर, पण योग्य पक्कड कुणाकडे आहे? लोक साध्या पकडीने चेपतात आणि ओढलं की वायर हातात येते. मी आयुष्यभर सोल्डर केलं. फक्त जोड मानेत ठेवायचा नाही. तुटलेली वायर दोन्हीकडे मागेपर्यंत कापा, हिरवं तांबं संपून लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत, आणि मध्ये नवी मऊ वायर टाका. मग एक जोड टाकीखाली येतो, एक डोममध्ये, दोन्ही जागा वाकत नाहीत. असं असेल तर सोल्डर करा नाहीतर क्रिंप, मला दोन्ही चालतं. जाडी मूळ वायरएवढी किंवा जास्त, घरातल्या बेलची वायर नको. आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन ढील किती लागते ते बघूनच बांधा.

काळी टेप वापरू नका. उन्हात टाकी तापली की तिचा गोंद वितळतो, तुमची बोटं काळी झाली ती त्यामुळेच. जुडग्याला स्लीव्ह घाला.

आता कपलर. आरआर आणि वायरिंग यांच्यातला उघडा, प्लसची पिन बघा. माझ्या अंदाजाने प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल आणि पिनेची पकड ढिली. नुसता क्लीनर मारून परत लावू नका. एकदा तापलेल्या पिनेचा स्प्रिंग मेलेला असतो, चार दिवस बरं वाटेल आणि परत गरम. पिनही नवी, कपलरही नवा, आणि वायरचं टोक काळं असेल तर तेही कापा.

आरआर बदलायचा नाही. कॉलेज रोडचे दादा रागावू नका. १४.३ वर थांबतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. त्याला बॅटरी दिसतच नाही, तो आपल्या पिनेवरचं व्होल्टेज बघून म्हणतो झालं भरून. काही गाड्यांत आरआरला बॅटरीकडून वेगळी सेन्सची वायर असते. त्या वायरीत गळती असेल तर उलटं होतं, आरआरला वाटतं बॅटरी रिकामी आणि तो ठासत राहतो. तुमचं तसं नाही.

मन भरत नसेल तर आरआरला येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी सोडून गाडी चालू करा, मीटर एसीवर ठेवून दोन-दोनच्या तिन्ही जोड्या मोजा. आकडा गाडीगाडीला वेगळा, पण तिन्ही सारखे हवेत. मग गाडी बंद करून एकेका पिवळ्या वायरीचा इंजिनाच्या बॉडीशी मीटरचा बजर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणारा) लावा. वाजला तर इंजिनातली करंट बनवणारी कॉइल जळालीय.

पाथर्डीफाटा१५०

काका, तपकिरी नाही, चॉकलेटी-काळं. कपलर उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागला, पिन आणि प्लास्टिक एकजीव झालेलं. कपलर आणि पिना आणल्या, वायर मागपर्यंत कापून नव्या पिना लावल्या. सीटखाली त्याच बाजूला साइड कव्हरचं रबर गेलंय, म्हणजे मागच्या चाकाचं पाणी तिथेच उडत होतं. तेही बसवलं. तिन्ही पिवळ्या जोड्या सारख्या, बजर वाजला नाही.

मानेतल्या वायरला मऊ वायर घातली. एक जोड क्रिंप केला, एक सोल्डर, कुणी नाराज नको.

बॅटरी बाहेर काढून शेजाऱ्याच्या चार्जरवर एक अँपिअरने रात्रभर लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १२.७. ४००० ला १४.२, हेडलाइट लावून १३.९. प्लसकडून प्लस ०.१. सेल्फ दाबल्यावर १०.६. हँडल कुठेही फिरवा, बल्ब हलत नाही.

दोन प्रश्न राहिले. फॉग लावून सिग्नलला उभा राहिलो की अजूनही १२.५ आणि हळूहळू उतरतं. आणि ते १८ मिलीअँपिअर वाईट आहेत का?

वायरिंगवाला_नारो

१८ मिलीअँपिअरचा हिशोब करा. दिवसाला ०.४३ एएच. रोज गाडी चालते तेव्हा जाणवत नाही. दिवाळीला गावी बसने गेलात, गाडी दहा दिवस उभी राहिली, तर ९ पैकी ४ एएच चार्जरनेच खाल्ले. थंडीत बॅटरीचा जोर असाही कमी आणि इंजिनातलं ऑइल घट्ट, मग टक-टक. चार्जर चावीनंतरच्या वायरवर घ्या, स्वतःच्या छोट्या फ्यूजसकट.

फॉगचं गणित वेगळं. हेडलाइट ३५ वॅट, टेल ५, मीटर आणि इग्निशन मिळून पंधरा-वीस, ब्रेक दाबून उभे असाल तर २१. आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून उभी असताना) तुमची कॉइल एवढं जेमतेम देते. त्यावर फॉगचे ४० चढवले की बाकीचं बॅटरीतून जाणार. गावच्या रस्त्याला ४००० ला चालवताना काही अडचण नाही. द्वारकेच्या सिग्नलला फॉग लावून उभं राहायचं कारण काय? तिथे धुकं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत घालायला लावता का? बंद करा.

तुमचं जाणं-येणं जवळचं आहे हाही मुद्दा आहे. सेल्फने जेवढं काढलं तेवढं पाच-सात मिनिटांत परत भरत नाही, आणि रात्री हेडलाइट असतोच. घरून निघताना किक मारत चला, पाय आहे तोवर.

पाथर्डीफाटा१५०

फॉग सध्या बॅटरीवरून स्विचला, स्विचवरून लाइटला असे आहेत. स्विच पण कोमट होतो. रिले कसा जोडू?

पॅनलवाला_सातपूर

चार पायांचा १२ व्होल्टचा ऑटो रिले. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून फॉगचा प्लस. ८५ ला अर्थ. ८६ ला चावीनंतरच्या वायरवरून तुमचा स्विच. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, मुश्किलीने पाव अँपिअर, आणि चावी काढली की फॉग आपोआप बंद. ४० वॅट म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत, ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. १५ चा टाकू नका, वायर वितळेल आणि फ्यूज बघत बसेल. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात, लाइटपाशी नाही. मधली वायर कुठे घासली तर वाचवायला फ्यूज तिच्या आधी हवा.

सिडको_२०२१

इथेच विचारतो. माझी बीएस-६, इंजेक्शनवाली, किकच नाही. बॅटरी उतरली तर ढकलून चालू होईल का? मित्र म्हणतो उतारावर सोड.

वायरिंगवाला_नारो

बॅटरीत थोडा जीव असेल, चावी लावल्यावर पेट्रोल पंपाचा घुंईऽ आवाज येत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला होईल. पंपच बोलत नसेल तर पांडवलेणीवरून सोडली तरी होणार नाही, कारण पेट्रोलच चढत नाही. तुमच्या गाडीचा हेडलाइटही कायम चालू असतो, बंद करायचा स्विचच नाही. चावी लावून गप्पा मारत उभं राहू नका.

कारवरून जंप द्यायची वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवा. आधी प्लसला प्लस, मग कारचा मायनस, शेवटचा चिमटा तुमच्या इंजिनाच्या उघड्या बोल्टवर, बॅटरीच्या मायनसवर नाही. चालू झाली की उलट क्रमाने काढा, आणि दुसऱ्या दिवशी मीटर लावून चार्जिंग बघा. का उतरली ते कळल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका.